शंभर डॉलरचा खबऱ्या

१७ जून १९७२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीच्या सहाव्या मजल्यावर साध्या वेशातल्या पोलिसांनी पाच जणांना पकडले. जागा होती डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीची कचेरी. पाचही जण सुटाबुटात होते आणि हातांत शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर घालतात तसले रबरी मोजे. एवढ्या नीटनेटक्या पोशाखातले घरफोडे पोलिसांनी क्वचितच पाहिले असतील. त्यांतला एक युजेनिओ रोलांडो मार्टिनेझ. वय ४९, मूळचा क्यूबाचा, राहणार मियामी, धंदा घरे-जमिनींच्या खरेदी-विक्रीचा. पाचांपैकी चौघांचा सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेशी आधी कधी ना कधी संबंध आलेला होता किंवा तसे मानले जात होते. पण त्या रात्री त्या संस्थेच्या पैशांच्या वहीत नाव चालू असलेला माणूस एकच होता, मार्टिनेझ. त्याचा रतीब होता महिना १०० डॉलर.

मराठीत हेर आणि खबऱ्या हे दोन शब्द वेगळे आहेत आणि त्यांची प्रतिष्ठाही वेगळी आहे. हेर परमुलखात जातो, वेश पालटतो, त्याच्या कथा होतात. बहिर्जी नाईक हे नाव मराठी घरात अभिमानाने घेतले जाते. खबऱ्या मात्र आपल्याच माणसांत राहतो आणि त्यांच्याबद्दलच सांगतो. रँडच्या वधानंतर चापेकरांचा माग सरकारला देणाऱ्या पुण्याच्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी गोळ्या घातल्या. सव्वाशे वर्षांनंतरही ते आडनाव त्या संदर्भात उच्चारले की आवाज बदलतो. मार्टिनेझने आयुष्यात ही दोन्ही कामे केली. दहा वर्षे तो समुद्र ओलांडून शत्रूच्या किनाऱ्यावर जाणारा माणूस होता आणि पुढे मियामीतल्या निर्वासितांच्या वस्तीतली बित्तंबातमी देणारा. वॉटरगेटमध्ये तो या दोन्ही भूमिका घेऊन शिरला, आणि तिथेच त्याची गोची झाली.

त्याचा जन्म ८ जुलै १९२२ चा, क्यूबाच्या पश्चिम भागातला. देश सोडण्याची पाळी त्याच्यावर दोनदा आली. पहिल्यांदा बातिस्ताच्या हुकूमशाहीत. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला, फिडेल कॅस्ट्रोची क्रांती जिंकली, परागंदा झालेले परतले. मार्टिनेझही परतला. पण नव्या राजवटीशी त्याचे पटले नाही आणि त्याच वर्षी तो पुन्हा फ्लोरिडात आला. बातिस्ताच्या बगलबच्च्यांपैकी तो नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे. मियामीतल्या क्यूबनांत अशी बरीच माणसे होती. एका हुकूमशहाविरुद्ध लढली, जिंकली आणि विजयाच्या पहिल्याच वर्षात दुसऱ्याविरुद्ध उभी राहिली. त्यांच्या लेखी लढाई संपलीच नव्हती.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून क्यूबाचा किनारा सुमारे १४५ किलोमीटर. भुसावळहून निघालेली गाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव करत अकोल्याला पोहोचते, तेवढेच हे अंतर. निर्वासित म्हटला की सातासमुद्रापलीकडे फेकला गेलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मियामीतल्या क्यूबनाचे दुःख वेगळे होते. गाव हाकेच्या अंतरावर, मधे फक्त पाणी, आणि त्या पाण्यावर दोन सरकारांचा पहारा. एवढ्या जवळ असलेली गोष्ट कायमची गेली असे मन मानत नाही. पुढच्या दशकभरात अमेरिकी गुप्तचर खात्याने मियामीत जे भांडवल वापरले ते हेच, मन न मानण्याचे.

१७ एप्रिल १९६१ रोजी सीआयएने तयार केलेली सुमारे १,४०० निर्वासितांची तुकडी क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज या उपसागरात उतरली. तिसऱ्या दिवशी सगळे संपले होते. शंभरहून अधिक मारले गेले, सुमारे १,२०० कैद झाले. डिसेंबर १९६२ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरची अन्नधान्ये आणि औषधे देऊन केनेडी सरकारने त्यांना सोडवून आणले. ऐनवेळी विमानांचे संरक्षण मिळाले नाही, म्हणजे केनेडींनी आणि पर्यायाने डेमोक्रॅटिक पक्षाने दगा दिला, हे मियामीत जवळजवळ धर्मवचन झाले. वॉटरगेटमध्ये क्यूबन माणसे का शिरली याचे अर्धे उत्तर या दग्याच्या भावनेत आहे. उरलेले अर्धे एका माणसाच्या टोपणनावात आहे. तो पुढे येईल.

पराभवानंतर केनेडी सरकारने क्यूबाविरुद्धची छुपी लढाई थांबवली नाही, उलट वाढवली. मियामीतल्या विद्यापीठाच्या जुन्या आवारात एका बनावट कंपनीच्या पाटीआड सीआयएचे प्रचंड ठाणे उभे राहिले. त्याच्याकडे स्वतःच्या बोटींचा ताफा होता. रात्री निघायचे, क्यूबाच्या किनाऱ्याशी माणसे किंवा हत्यारे उतरवायची, उजाडायच्या आत परतायचे. या कामात मार्टिनेझ पटाईत होता. साथीदार त्याला ‘मुस्कुलितो’, म्हणजे पिळदार अंगाचा छोटू, म्हणत. त्याच्या नावावर साडेतीनशेच्या वर फेऱ्या सांगितल्या जातात. यातली एखादीच फसली असती तरी क्यूबात त्याच्यापुढे गोळीबार पथक किंवा जन्मभराची कोठडी होती. हा माणूस पुढे एका इमारतीच्या तळघराच्या दारावरच्या चिकटपट्टीमुळे सापडला, यावर विश्वास ठेवणे त्याच्या ओळखीच्यांना जड गेले.

या फेऱ्यांनी त्याला एक शिस्त लावली. किनाऱ्यावर उतरवलेला माणूस कोण, पोत्यात काय आहे, हे बोट हाकणाऱ्याने विचारायचे नाही. जो कमी जाणतो तो पकडला गेला तरी कमी बोलतो. गुप्तचर धंद्यातला हा साधा नियम आहे आणि त्या धंद्यापुरता तो शहाणपणाचाही आहे. पण दहा वर्षे असे वागलेल्या माणसाची विचारण्याची सवय मोडते.

साठीच्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाम युद्धापुढे क्यूबाचा विषय मागे पडला. मियामीचे ठाणे आटोपते घेण्यात आले, बोटी थांबल्या. जुन्या जाणत्या माणसांना एकदम वाऱ्यावर सोडणे धोक्याचे असते, म्हणून काहींना थोड्या पैशावर बांधून ठेवले गेले. मार्टिनेझचे १०० डॉलर ते हेच. काम एवढेच, की निर्वासितांच्या वस्तीत काय चालले आहे, क्यूबाहून कोण नवे आले, कोण काय बोलते, हे नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला सांगायचे. पोटापाण्यासाठी तो बर्नार्ड बार्करच्या घर-जमिनीच्या धंद्यात होता. बार्करही क्यूबात जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानदलातून लढून जर्मनांच्या कैदेत राहिलेला आणि पुढे सीआयएचे काम केलेला. दोघेही पन्नाशीकडे झुकलेले किंवा ओलांडलेले, आणि मनाने अजून १९६१ मध्येच असलेले.

अशा वेळी ‘एदुआर्दो’ परत आला.

हॉवर्ड हंट हा सीआयएचा अधिकारी. बे ऑफ पिग्जच्या तयारीत निर्वासित पुढाऱ्यांशी संधान ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि क्यूबन त्याला एदुआर्दो या नावाने ओळखत. फावल्या वेळात हेरकथा लिहिणारा हा गृहस्थ १९७० मध्ये निवृत्त झाला होता. एप्रिल १९७१ मध्ये, त्या मोहिमेला दहा वर्षे पूर्ण होत असताना, तो मियामीत अवतरला आणि त्याने बार्करच्या दारात चिठ्ठी ठेवली. भेट झाली ती मियामीतल्या क्यूबन वस्तीत त्याच दिवसांत उभारलेल्या हुतात्मा स्मारकापाशी. बार्कर आणि मार्टिनेझ यांना वाटले ते साहजिक होते. एदुआर्दो आला म्हणजे अमेरिका सरकार आले. अमेरिका सरकार आले म्हणजे क्यूबाचे काम पुन्हा सुरू झाले. हंटने हा समज करून दिला असे म्हणण्यापेक्षा त्याने तो मोडला नाही, असे म्हणणे अधिक बरोबर. त्याला तसे काही करावे लागलेच नाही.

त्याच उन्हाळ्यात, १३ जून १९७१ पासून, न्यूयॉर्क टाइम्सने व्हिएतनाम युद्धाचा गुप्त सरकारी इतिहास छापायला सुरुवात केली. तो फोडणारा डॅनियल एल्सबर्ग हा लष्करी विषयांचा अभ्यासक. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन भडकले आणि बातम्यांची गळती थांबवण्यासाठी व्हाइट हाउसच्या शेजारच्या इमारतीत एक छोटे पथक बसवण्यात आले. गळती बंद करणारे, म्हणून त्यांनी स्वतःला ‘प्लंबर’ हे नाव दिले. हंट त्यांतला एक आणि दुसरा गॉर्डन लिडी, एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचा माजी अधिकारी.

या प्लंबरांच्या कामाचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचे युद्ध चालू असताना जॅक अँडरसन या पत्रकाराने अमेरिकी सरकारच्या गुप्त बैठकांची टिपणे छापली आणि निक्सन सरकार वरकरणी तटस्थ असले तरी आतून पाकिस्तानच्या बाजूला झुकले आहे, हे जगाला कळले. ही टिपणे कुणी फोडली याचा तपास याच प्लंबर पथकाने केला. अँडरसनला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी ज्यांनी रेडिओवर ऐकली, त्या पिढीला वॉटरगेट हे परक्यांचे भांडण वाटत आले आहे. पण दोन्ही गोष्टींच्या मुळाशी तीच माणसे आणि तोच संशय होता.

एल्सबर्गची बदनामी करता येईल असे काही त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडच्या कागदांत सापडेल, अशी कल्पना निघाली. ११ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांचे सल्लागार जॉन अर्लिकमन यांनी या ‘छुप्या कामा’ला लेखी संमती दिली, अट एकच, माग व्हाइट हाउसपर्यंत पोहोचता कामा नये. हंटने मियामीला निरोप धाडला. ३ सप्टेंबरच्या रात्री बार्कर, मार्टिनेझ आणि फेलिपे दे दिएगो हे तिघे कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये डॉ. लुइस फील्डिंग यांच्या दवाखान्यात खिडकी फोडून शिरले. त्यांना सांगितले होते ते एवढेच की एक देशद्रोही रशियन वकिलातीला कागद पुरवतो आहे. एल्सबर्गचे हवे ते कागद हाती लागले नाहीत. मग व्यसनी चोराचे काम वाटावे म्हणून गोळ्या-औषधे जमिनीवर उधळून ते निघून आले. मार्टिनेझला यात काहीतरी खटकले. रिकाम्या हाताने परतलो तरी हंट नाराज कसा नाही? ही कुठल्यातरी मोठ्या कामाची रंगीत तालीम असावी, असा तर्क त्याने सोबत्यांजवळ बोलून दाखवला. तर्क करण्यापर्यंत तो पोहोचला, प्रश्न विचारण्यापर्यंत नाही.

इथून या कथेचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग सुरू होतो. मार्टिनेझ पगारी खबऱ्या होता. हंट मियामीत येतो-जातो ही त्याच्या दृष्टीने खबरच होती आणि त्याने ती आपल्या अधिकाऱ्याच्या कानावर घातली. दवाखान्याच्या घरफोडीबद्दल मात्र तो बोलला नाही, कारण ते काम त्याहून वरचे, प्रत्यक्ष व्हाइट हाउसचे, अशी त्याची समजूत होती. १९७२ च्या मार्चमध्ये हंटचा विषय त्याने पुन्हा काढला, तेव्हा मियामीच्या ठाणेप्रमुखाने मुख्यालयाला विचारणा केली. उत्तर आले ते थोडक्यात असे, की हंट व्हाइट हाउसच्या कामावर आहे, तुम्ही त्यात पडू नका. मग मार्टिनेझला हंटच्या भेटींबद्दल स्पॅनिशमध्ये एक टिपण लिहून द्यायला सांगितले गेले. पुढे अडचणीचे ठरेल असे त्यात काही नसलेलेच बरे, असा इशारा आपल्याला मिळाला, असे त्याने नंतर लिहिले. त्याप्रमाणे त्याने निरुपद्रवी मजकूर लिहून दिला आणि टिपण फायलीत गेले.

म्हणजे खबऱ्याने खबर दिली होती, पण अर्धी. ऐकणाऱ्याला पुरी नकोच होती. सरकारी कचेरीचा ज्याला थोडाही अनुभव आहे त्याला हे चटकन समजेल. कागद असला पाहिजे, त्यात काही नसले पाहिजे. सीआयएला घरफोडीचा बेत आधीपासून ठाऊक होता का, या प्रश्नावर अमेरिकेत पुस्तकांवर पुस्तके निघाली आणि त्यांतल्या बऱ्याच तर्कांचा पाया मार्टिनेझचा हा महिन्याचा रतीब आहे. कागदपत्रांवरून एवढेच म्हणता येते, की हंट मियामीतल्या त्यांच्या माणसांना वापरतो आहे हे संस्थेला कळले होते आणि त्यापुढे जाणून घ्यायचे नाही हे तिने ठरवले होते.

१९७२ हे अमेरिकेत निवडणुकीचे वर्ष होते. हंट आणि लिडी आता निक्सन यांच्या निवडणूक समितीसाठी काम करत होते. मियामीच्या मंडळींना नवे कारण सांगितले गेले. कॅस्ट्रोचा पैसा डेमोक्रॅटिक पक्षाकडे येतो आहे, त्याचा पुरावा त्यांच्या मुख्य कचेरीत मिळेल. या आरोपाला कसलाही आधार कधी सापडला नाही. पण बे ऑफ पिग्जचा दगा उरात बाळगून असलेल्या माणसाला पटवायला याहून मोठा पुरावा लागत नव्हता. ३ मे रोजी, एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांचे पार्थिव संसद भवनात ठेवलेले असताना, बाहेर निदर्शने करणाऱ्या एल्सबर्गवर सोडण्यासाठीही मियामीहून माणसे आणली गेली. हाणामारीचे हे काम आणि क्यूबाची मुक्ती यांचा संबंध काय, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही.

वॉटरगेटच्या कचेरीत शिरण्याचे पहिले प्रयत्न विनोदी नाटकात शोभतील असे होते. २६ मे रोजी इमारतीतच जेवणावळीचा बहाणा करण्यात आला. हंट आणि कुलपे उघडण्यात वाकबगार असलेला व्हर्जिलिओ गोन्झालेझ हे दोघे तिथे अडकले आणि रात्र त्यांना आतच काढावी लागली. दुसऱ्या रात्री दरवाजापर्यंत पोहोचल्यावर कळले की गोन्झालेझने योग्य हत्यारे आणलेलीच नाहीत. त्याला ती आणायला विमानाने मियामीला पिटाळले गेले. २८ मे रोजी मात्र ते आत शिरले. निक्सन समितीचा सुरक्षाप्रमुख आणि सीआयएचा निवृत्त अधिकारी जेम्स मॅकॉर्ड याने टेलिफोनमध्ये संभाषण ऐकण्याची यंत्रे बसवली. बार्करने कागद निवडायचे आणि मार्टिनेझने त्यांचे फोटो काढायचे, अशी वाटणी होती. समोरच्या मोटेलमधून एक माणूस संभाषणे ऐकत बसला. एक यंत्र चाललेच नाही, दुसऱ्यातून निघाले ते बहुतेक खासगी गप्पांचे चऱ्हाट. म्हणून पुन्हा जायचे ठरले.

१६ जूनच्या रात्री तळघराच्या दाराचे कुलूप आपोआप लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. चोवीस वर्षांचा पहारेकरी फ्रँक विल्स फेरीवर असताना त्याला ती दिसली. कुणी सफाई कामगाराने लावली असेल असे समजून त्याने काढून टाकली. थोड्या वेळाने पाहतो तर पट्टी पुन्हा लावलेली. पट्टी निघाल्याचे घरफोड्यांच्या लक्षात आले होते. परत फिरावे की नाही यावर चर्चाही झाली आणि काम पुढे रेटायचे ठरले. विल्सने १ वाजून ४७ मिनिटांनी पोलिसांना फोन केला. गणवेशातली गाडी जवळ नव्हती, म्हणून साध्या वेशातले तिघे आले आणि समोरच्या मोटेलमधून नजर ठेवणाऱ्याला ते पोलीस वाटलेच नाहीत.

झडतीत सापडलेल्या ऐवजात कॅमेरे, फिल्मची रिळे, बिनतारी संच आणि ओळीने क्रमांक असलेल्या शंभर डॉलरच्या नोटा होत्या. मार्टिनेझजवळ एक लहानशी किल्ली मिळाली. ती पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून त्याने झटापट केल्याचे पकडणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले. पुढे एफबीआयने ती त्या कचेरीतल्या एका सचिव महिलेच्या टेबलाच्या खणाला लावून पाहिली, ती लागली. त्या खणात काय होते, यावर तर्कांचा बाजार आजही भरतो. मार्टिनेझ आणि बार्कर या दोघांच्या वह्यांत हॉवर्ड हंटचे नाव होते आणि पुढे व्हाइट हाउसच्या खुणेची अक्षरे. त्यांच्या हॉटेलच्या खोलीत हंटने सही केलेला सहा-सात डॉलरचा एक क्षुल्लक धनादेशही सापडला. साडेतीनशे फेऱ्यांत ज्याने किनाऱ्यावर पाऊलखूण ठेवली नाही, त्याच्या खिशात मालकाचा पत्ता निघाला.

नोटांचा माग मियामीला बार्करच्या बँक खात्यापर्यंत गेला. तिथे निक्सन यांच्या निवडणूक निधीतले १ लाख १४ हजार डॉलर धनादेशांनी जमा होऊन निघाले होते. त्यांतले ८९ हजार मेक्सिकोमार्गे आलेले. वॉशिंग्टन पोस्टने १ ऑगस्टला यातल्या २५ हजारांच्या धनादेशाची बातमी दिली आणि घरफोडी राष्ट्राध्यक्षांच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे त्या वर्षी दुष्काळाने भरलेली होती; वॉटरगेट हे नाव इथल्या वाचकाच्या ओळखीचे झाले ते पुढच्या वर्षी. तेव्हापासून ‘गेट’ म्हणजे घोटाळा असा अर्थच रूढ झाला आणि ते मुळात एका इमारतीचे नाव होते हे बहुतेकांच्या स्मरणातून गेले.

२३ जूनला, अटकेनंतर सहाव्या दिवशी, निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन यांच्यात एक बोलणे झाले. पकडलेले क्यूबन आहेत, हंट गुंतला आहे, खोलात गेले तर बे ऑफ पिग्जचे जुने प्रकरण उकरले जाईल, असे सीआयएने एफबीआयला सांगावे आणि तपास थांबवावा, असा बेत त्यात ठरला. ज्या पराभवाचे नाव घेऊन मियामीच्या माणसांना आत धाडले, त्याच पराभवाचे नाव आता त्यांना पाठवणाऱ्यांची सुटका करण्यासाठी पुढे केले गेले. खोलीतल्या ध्वनिमुद्रण यंत्राने हे सगळे टिपले. त्याच यंत्रणेने नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी यांच्या भेटीनंतर निक्सन यांनी काढलेले शेलके उद्गारही टिपलेले आहेत. सीआयएचे उपप्रमुख व्हर्नन वॉल्टर्स यांनी काही दिवस मान डोलावली आणि मग अंग काढून घेतले. मार्टिनेझचा रतीब अटकेनंतर बंद झाला.

आरोपींना गप्प ठेवण्यासाठी चार लाखांहून अधिक डॉलर गुपचूप वाटले गेले. मियामीच्या मंडळींपर्यंत पैसे पोहोचवण्यात हंटची पत्नी डोरोथी हिचा हात होता. ८ डिसेंबर १९७२ रोजी शिकागोजवळ विमान अपघातात ती मरण पावली, तेव्हा तिच्या पर्समध्ये १० हजार डॉलर रोख सापडले.

खटला ८ जानेवारी १९७३ रोजी न्यायमूर्ती जॉन सिरिका यांच्यासमोर उभा राहिला. तीन दिवसांनी हंटने गुन्हा कबूल केला, १५ जानेवारीला बार्कर, मार्टिनेझ, गोन्झालेझ आणि फ्रँक स्टर्जिस यांनी. (स्टर्जिस हा क्यूबन नव्हे, व्हर्जिनियात जन्मलेला, कधीकाळी कॅस्ट्रोच्याच बाजूने लढलेला भाडोत्री वृत्तीचा माणूस.) सिरिकांनी खोदून विचारले. पैसे कुठून आले? टपालाने, कोऱ्या पाकिटात, असे बार्करने सांगितले. यावर आपला विश्वास नाही, असे न्यायमूर्तींनी तिथल्या तिथे सुनावले. सीआयएसाठी कधी काम केले का, या प्रश्नावर मार्टिनेझने आपल्या माहितीप्रमाणे तरी नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. दर महिन्याला त्या संस्थेचे पैसे घेणाऱ्याचे हे उत्तर खोटे होते. पण खबऱ्याच्या धंद्यात खरे उत्तर हाच अपराध मानला जातो. सिरिकांनी या चौघांना तात्पुरती म्हणून ४० वर्षांपर्यंतची शिक्षा सुनावली. बोलते व्हावे यासाठीचा तो दाब होता. पण बोलता झाला तो मॅकॉर्ड, शिक्षा सुनावण्याच्या आधीच, आणि २३ मार्चला त्याचे पत्र न्यायालयात वाचले गेल्यावर बांध फुटला.

पुढचे जगाला ठाऊक आहे. फील्डिंग यांच्या दवाखान्यातली घरफोडी उघडकीला आली आणि ११ मे १९७३ रोजी एल्सबर्गविरुद्धचा खटलाच रद्द झाला. म्हणजे ज्याला अडकवण्यासाठी खिडकी फोडली तो त्या फुटलेल्या खिडकीमुळे सुटला. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती देण्याचा हुकूम केला. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले आणि महिनाभरात त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली.

मार्टिनेझने सुमारे १५ महिने तुरुंगात काढले आणि १९७४ च्या वसंतात तो बाहेर आला. त्या ऑक्टोबरात हार्पर्स मासिकात त्याने आपली बाजू लिहिली. आपण देशाचे काम करत आहोत असे वाटत होते, सांगणारा एदुआर्दो होता, आणि एदुआर्दोवर शंका घेण्याचे कारण नव्हते, असा तिचा रोख. हे पूर्णपणे मान्य करणे कठीण आहे. पन्नाशीला आलेला, दोन राजवटींना ओळखून असलेला माणूस एका राजकीय पक्षाच्या कचेरीत मध्यरात्री शिरतो आणि निवडणूक तोंडावर आहे हे त्याच्या मनात येत नाही? पण याच बचावातून अमेरिकी कायद्यात एक मोलाचा निकाल झाला.

दवाखान्याच्या घरफोडीबद्दल जुलै १९७४ मध्ये अर्लिकमन, लिडी, बार्कर आणि मार्टिनेझ यांना दोषी ठरवले गेले. अपील झाले. १७ मे १९७६ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अर्लिकमन आणि लिडी यांची शिक्षा कायम ठेवली आणि त्याच दिवशी बार्कर व मार्टिनेझ यांची दोषसिद्धी रद्द केली. व्हाइट हाउसमध्ये बसणाऱ्या अधिकाऱ्याला असा हुकूम देण्याचा अधिकार असेल, असे सामान्य माणसाने प्रामाणिकपणे मानणे समजण्याजोगे आहे, असा त्या निकालाचा आशय. तीन न्यायमूर्तींपैकी एकाने जोरदार भिन्नमत नोंदवले. अशी सूट दिली तर वरून हुकूम आला या एका सबबीवर काहीही खपेल, असे त्याचे म्हणणे होते.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक कडक आहे. भारतीय दंड संहितेची कलमे ७६ आणि ७९, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची १४ आणि १७, वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक चूक झाली तर संरक्षण देतात. कायद्याबद्दलच्या चुकीला नाही. ‘ही खिडकी फोडायला कायद्याची परवानगी आहे असे वाटले’ हा बचाव इथे टिकणे अवघड. हुकमाप्रमाणे वागलेल्या हवालदाराने पहिल्यांदा दाखवायला हवे, की हुकूम मुळात कायद्याला धरून होता, किंवा ज्या परिस्थितीत तो कायदेशीर ठरला असता ती परिस्थिती आहे असे त्याने प्रामाणिकपणे मानले होते.

आपल्याला फसवून वापरले, असा दावा चौघांनी निक्सन यांच्या निवडणूक समितीवर लावला होता. १९७७ मध्ये तो आपसात मिटला आणि त्यांना मिळून २ लाख डॉलर मिळाले, माणशी ५० हजार. महिना १०० च्या हिशेबाने ती एकेचाळीस वर्षांहून अधिक काळाची बिदागी होते. मार्टिनेझ पुढे मियामीत मोटारविक्रीच्या धंद्यात राहिला. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली. त्या रात्री पकडलेल्या पाचांपैकी माफी मिळालेला तो एकटाच, आणि साऱ्या वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांच्यानंतरचा दुसरा. २०१६ मध्ये सीआयएच्या एका अंतर्गत इतिहासाचा जुना मसुदा खुला झाला, त्यात मियामीच्या ठाण्याने हंटबद्दल केलेली विचारणा आणि तिला मिळालेले उत्तर पुन्हा वाचायला मिळाले. मार्टिनेझ तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचा होता. फिडेल कॅस्ट्रो त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वारले. मार्टिनेझ ३० जानेवारी २०२१ रोजी फ्लोरिडात मरण पावला. क्यूबात तेव्हाही कॅस्ट्रोच्याच पक्षाची सत्ता होती.